उद्यासाठी की उद्यापर्यंत?

ज्ञानदेवचा खडू फळ्यावर अडला. निम्मं वाक्य लिहून झालं होतं, पुढचा 'मान्याना' म्हणजे 'उद्या' हा शब्दही त्याने लिहून ठेवला होता. मधल्या एका शब्दाची जागा तेवढी रिकामी होती.

चिंचवडच्या त्या कारखान्याचे डिझेल पंप यंदा पहिल्यांदाच पेरू देशात निघाले होते. तिकडच्या दुकानदारांना नव्या वर्षाचं कॅलेंडर पाठवायचं आणि त्यावर चांगल्या चांगल्या इंग्रजी म्हणी स्पॅनिशमध्ये छापायच्या, ही मॅनेजर जयसिंगरावांची कल्पना. पेरूचं गिऱ्हाईक पाहुणा म्हणून आलंच आहे, तर त्याच्यासमोर दोघांची परीक्षाही होऊन जाऊ दे, हीसुद्धा त्यांचीच. दुभाषे दोन होते, नीला आणि ज्ञानदेव. कायम एकालाच करायचं होतं.

म्हण साधीच होती. आजचं काम उद्यावर ढकलू नये. इंग्रजी म्हणतं, उद्यापर्यंत ठेवू नये. स्पॅनिशमध्ये 'पर्यंत'ला 'आस्ता' आणि 'साठी'ला 'पारा'. मराठीतलं 'वर' तर इथे काहीच कामाचं नव्हतं. ज्ञानदेवने हळूच वळून नीलाकडे पाहिलं.

हे त्याचं नेहमीचंच. पुण्याच्या वर्गात दोघं बरोबर शिकले. ज्ञानदेव मोशीच्या शेतकऱ्याचा मुलगा, शब्द पाठ करण्यात वाघ. पण असे मधले एवढे एवढे शब्द आले की त्याची गाडी रुतायची. मग नीला आवाज न करता ओठ हलवायची आणि तो बिनघोर लिहून टाकायचा.

नीलाला उत्तर ठाऊक होतं. हीच म्हण बाईंनी वर्गात शिकवली होती आणि वर बजावलं होतं, "इंग्रजीच्या नादी लागून 'आस्ता' लिहाल तर फसाल. स्पॅनिश माणूस काम उद्यासाठी ठेवतो. पारा." त्या संध्याकाळी ज्ञानदेव वर्गात नव्हता. नीलाच्या वडिलांना फाउंड्रीत चक्कर आली होती आणि तिचा वर्ग बुडू नये म्हणून तोच त्यांना सायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला होता. वडील त्यानंतर कामावर गेलेच नाहीत. काळेवाडीच्या खोलीत दिवसभर खोकत पडून असायचे.

जयसिंगराव पाहुण्याची सिगारेट पेटवून देत होते. ज्ञानदेवची नजर नीलाच्या ओठांवर होती. ओठ मिटलेले होते. तसेच मिटलेले ठेवले तरी चालेल, असं तिला वाटून गेलं. मग तिने तोंड उघडलं आणि आवाज न काढता म्हणाली, आस्ता.

ज्ञानदेवचा चेहरा उजळला. त्याने शब्द ठळक अक्षरात लिहिला.

पाहुण्याने फळा वाचला आणि तो खो खो हसत सुटला. ज्ञानदेवकडे बघून हात हलवत म्हणाला, "आस्ता मान्याना, सेन्योर! आस्ता मान्याना!"

"काय म्हणतायत?" जयसिंगरावांनी नीलाला विचारलं.

"उद्या भेटू, असं म्हणतायत. निरोप घेताना म्हणतात तिकडे."

"म्हणजे गिऱ्हाइकाला आपण कॅलेंडरवर निरोप छापून पाठवणार होतो!" जयसिंगरावही हसले. हसता हसताच फळ्याकडे वळले. "मग घ्या निरोप, ज्ञानदेव. उद्या मात्र भेटू नका."

सगळे हसतायत म्हणून चहा घेऊन आलेला खंडूही हसला. ज्ञानदेवही हसला. साहेब थट्टा करतायत असंच त्याला वाटलं. जयसिंगरावांनी डस्टर उचलून त्याच्या हातात दिलं.

"पुसा ते. आणि जाताना गेटवर पास देऊन जा."

ज्ञानदेवने फळा पुसला. शेवटचा शब्द पुसून झाला तरी त्याचा हात बराच वेळ कोऱ्या फळ्यावरून फिरत राहिला.

पुढची म्हण नीलाला आली. ती तिने न थांबता लिहिली. पाहुण्याने टाळ्या वाजवल्या. दारापाशी पोचलेला ज्ञानदेव थांबला आणि त्यानेही वाजवल्या.

पाळी सुटली तेव्हा तो गेटबाहेर सायकल धरून उभा होता. आपल्यासाठीच थांबलाय हे नीलाला लांबूनच कळलं. पण रस्ता तोच होता.

"ताई," तो म्हणाला, "एक बरं झालं बघा. ती म्हण माझ्या वाट्याला आली. तुमच्या वाट्याला आली असती, तर तुमीबी आस्ताच लिवलं असतं."

नीला रस्त्याकडे बघू लागली.

"व्हय का न्हाई?"

"हो," ती म्हणाली. "मीही तेच लिहिलं असतं."

"तेच म्हंतोय मी. मघापासनं बघतोय, तुमचं तोंड पांढरंफटक पडलंय. जिवाला लावून घेऊ नका." त्याने सायकल रस्त्याला लावली, एक पाय पेडलवर ठेवला आणि मागे वळून म्हणाला, "चूक काय तुमची एकटीची न्हाई, ताई. इचारलं तर मीच."