काम बंद

सावर्ड्याला एका घराचा ताबा घ्यायला गेलेल्या बेलिफ बाळा घाणेकरांचा उजवा हात त्या घरातल्या अजिंक्यने कोयतीने कोपरापासून तोडला. आज घाणेकर रत्नागिरीला कोर्टात साक्ष द्यायला आले, तर सगळा स्टाफ काळ्या फिती लावून फाटकात घोषणा देत होता.

अधीक्षक मालनताईंनी त्यांच्या लोंबत्या बाहीलाही फीत टाचली. "भाऊ, आपल्या राष्ट्रीय संघटनेने तुमच्यासाठी देशभर काम बंद ठेवलंय. आज एकही कोर्ट चालायचं नाही."

"मग माझी साक्ष?"

"पुढची तारीख पडली."

जामिनावर सुटलेला अजिंक्य मागेच उभा होता. त्याने घाणेकरांचा डावा हात हलकेच दाबला.

"तोवर ह्याला जपा हां, काका."