नवी भरती

“चार नवी जहाजं मागवलीत आपण,” मुख्य कार्यालयातून आलेला अधिकारी म्हणाला. सकाळपासून हे पाचव्यांदा सांगत असल्यामुळे त्याचा उत्साह जरा शिळा झाला होता. कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात आता लाँड्रीचे अकरा जण तेवढे उरले होते. लाँड्री जहाजात सगळ्यात खाली, म्हणून बोलावणंही सगळ्यात शेवटी.

नवी चारही जहाजं कंपनीच्या महागड्या ब्रँडला मिळणार होती. हे जुनं जहाज आजच्या फेरीपासून कंपनीच्याच दुसऱ्या, स्वस्त ब्रँडकडे जाणार होतं. नाव बदलेल, धुरांड्याचा रंग बदलेल. “बाकी काळजीचं कारण नाही. मालक एकच आहे. थोरल्याचे कपडे धाकट्याला होतात, तसं समजा.”

लाँड्रीप्रमुख बाईंना जहाजावर सगळे ताई म्हणत. त्यांनी चष्मा लावून समोरचा करार वाचला. रुजू झाल्याची तारीख म्हणून आजची तारीख छापलेली होती.

“माझी सोळा वर्षं यात दिसत नाहीत.”

“ती त्या ब्रँडमधली, ताई. कागदोपत्री ही नवी भरती आहे.”

“आणि पुढच्या महिन्यातली रजा?”

“नव्या माणसाला पहिली रजा दहा महिन्यांनी.”

ताईंच्या लेकीला आठवा महिना लागला होता. ती पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा, पडून हात मोडला तेव्हा, दहावी झाली तेव्हाही ताई समुद्रावरच होत्या. या वेळी फोनवर त्यांनी “येते” म्हटलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यापुढे “जमलं तर” जोडलं नव्हतं.

“जहाजाचं वयपण आजपासूनच धरणार का?” मागून इस्त्रीवाला म्हणाला. दोघं-तिघं हसले. अधिकारीही हसला.

ताई हसल्या नाहीत. “इंजिनरूमच्या लोकांची जुनी वर्षं कायम ठेवलीत म्हणे.”

“त्यांच्याशिवाय जहाज हलत नाही ना, ताई.”

त्याने ते खोचकपणे म्हटलं नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावं, तसं सहज म्हटलं होतं. ताईंनी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पेन उचललं आणि सही केली. खाली तारीख टाकली, घड्याळ बघून वेळही लिहिली: सकाळचे दहा चाळीस. मागे कोणीतरी हताश होऊन सुस्कारा सोडला. ताई वळून एवढंच म्हणाल्या, “करा सह्या.” त्यांचा शब्द खाली पडू देण्याची लाँड्रीत पद्धत नव्हती. दहाही जणांनी सह्या केल्या.

अधिकाऱ्याने कागद गोळा केले. “छान. चला, आता कामाला लागा. दोन वाजता दोन हजार प्रवासी चढणार आहेत.”

ताई खुर्चीत बसून राहिल्या. त्यांच्यामागे एक एक करत सगळेच बसले.

“काय झालं?”

“आम्ही दहा चाळीसपासून नवे आहोत,” ताई म्हणाल्या. “नव्या माणसाने तीन आठवडे शिकल्याशिवाय इस्त्रीच्या रोलरला हात लावायचा नाही. लाँड्रीच्या दारावर नियम लावलाय, कंपनीच्या शिक्क्यासकट.”

तो नियम ताईंनीच भांडून लावून घेतला होता. सहा वर्षांपूर्वी एका नव्या मुलीला दुसऱ्याच दिवशी रोलरवर उभं केलं होतं. तिची तीन बोटं गेली.

“अहो, पण तुम्हाला येतं ना काम.”

“कुठे लिहिलंय?”

अधिकाऱ्याने हातातल्या कागदांकडे पाहिलं. तिथे खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

“मग शिकवणारं कोणी असेल ना जुनं?”

“होतं,” ताई म्हणाल्या. “सकाळपर्यंत.”

तो फोन घेऊन बाहेर गेला. दार बंद असूनही त्याचा आवाज चढताना ऐकू येत होता, मग उतरताना. मधेच खोल्यांची व्यवस्था पाहणारा माणूस धापा टाकत येऊन विचारून गेला, की राखीव चादरी निम्म्या खोल्यांनाही पुरत नाहीत, खाली मशीन बंद का? नोकरी गेली तर लेकीकडे रिकाम्या हातांनी जावं लागेल, हे ताईंना कळत होतं. पण जाता तरी येईल, हेही कळत होतं.

अधिकारी परत आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. तो बसला, ताईंचा करार वर घेतला, आजची तारीख खोडली आणि सोळा वर्षांपूर्वीची लिहिली. शेजारी सही केली. “रजासुद्धा जुन्या हिशेबानेच,” तो पुटपुटला.

“तेही लिहा.”

त्याने लिहिलं. मग बाकी दहा जणांचंही लिहिलं. ताईंनी प्रत्येक कागद वाचून ज्याचा त्याच्या हातात दिला. अधिकाऱ्याने पेनाला टोपण लावलं. “झालं समाधान? आता मशीन सुरू करा.”

ताईंनी टेबलाच्या टोकाला ठेवलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. सकाळपासून सह्या करून गेलेल्यांचे कागद होते ते. भांडी घासणारे, वाढपी, खोल्या झाडणाऱ्या बायका. दीडशे तरी असतील.

त्या उठल्या. त्यांनी तो गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून अधिकाऱ्यासमोर आणून ठेवला, आणि त्याच्या पेनाचं टोपण काढून दिलं.

“भराभर लिहा, साहेब,” त्या म्हणाल्या. “चादरी वाळायला वेळ लागतो.”