ठरलेली कुस्ती

दुष्काळात आखाडा भिजवायला पाणी नव्हतं, म्हणून कुंडलच्या मैदानात सयाजी आणि वजीरची ठरलेली कुस्ती लागोपाठ तीन वर्षं हुकली. घरात खायला उरलं नाही, तसा सयाजी पलटणीत गेला आणि ब्रह्मदेशाच्या लढाईत पडला. पुढच्या साली पाऊसपाणी झालं, मैदान भरलं. पंचांनी वजीरला दुसरा पैलवान दिला. "माजी जोड सयाजीसंगं ठरली हुती. त्योच जितला म्हना," वजीर म्हणाला आणि आखाड्याच्या मधोमध आपणहून उताणा पडला. बाया कधी यायच्या नाहीत अशा त्या मैदानात सयाजीची आई चंद्राबाई गर्दीतून वाट काढत आली. "ऊठ, वजीरा," ती म्हणाली. "माजं पोर पडल्यालं मी बगितलं न्हाई. आता तुला असं बगवत न्हाई." वजीर हुंदके देत उठून बसला. तिनं पदरानं त्याच्या पाठीची तांबडी माती पुसली, आणि पुसतच राहिली.