एक नाव कमी करा

हप्ता कमी पडला, तर आरोग्य विम्यातून अख्खं घर बाहेर काढायचं नाही, फक्त एक नाव कमी करायचं, एवढं विमा पोर्टलच्या बैठकीत ठरलं. कुणाचं नाव, यावर मात्र चहा गार झाला.

"कॉम्प्युटरने चिठ्ठी काढावी," टेस्टिंगच्या मॅडम म्हणाल्या.

"तो कोण लागून गेला?" त्यांचा नवरा म्हणाला. तो तिथेच प्रोग्रामर होता. "घरचं घरच्यांनाच ठरवू द्या."

"घरीही असंच चालतं का हो यांचं?" साहेबांनी विचारलं. सगळे हसले. नवऱ्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

"मग आत्ताच करून बघू," मॅडम म्हणाल्या. "फोनवर आपापल्या घरची खरी नावं टाका आणि एक कमी करा."

हसू विरलं. साहेब फोन घेऊन खिडकीशी गेले. कुणीतरी चष्मा पुसत बसलं.

नवऱ्याने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"झालंसुद्धा?" तिने हळूच विचारलं.

"अगं, नुसती चाचणी तर आहे."

घर एकच होतं, नावं तीच चार. तिचं बोट अजून एकावरही टेकलं नव्हतं.