घोड्यावर सगुणा

सगुणानं रिकिबीत पाय घातला आणि बापाच्या डोळ्यांदेखत घोड्यावर चढून बसली. स्टँडवरचे घोडेवाले बोलायचे थांबले.

शाळा सोडल्यापासून ती या हिऱ्या घोड्याचा लगाम धरून या डोंगरावरच्या सगळ्या पॉइंटांना चालत गेली होती. पाहुणे वर, ती खाली धूळ खात. ते कठड्याशी उभं राहून सूर्यास्त बघायचे तेव्हा ती मागं झाडाखाली घोडा सांभाळायची. स्वतः वर बसायची घोडेवाल्यांत रीतच नव्हती.

"उतर. पाय मोडले का तुझे?" बाप गरजला. "आपण घोडं चालवतो, मिरवत नाही."

"आज मिरवते, आबा. सूर्यास्त बघून येते."

"बाईसाहेब, फोटो काढू का?" शेजारचा लहानू खिदळला.

"काढ की. तुझ्या घोडीपेक्षा बरा येईल."

तिनं टाच मारली. हिऱ्या जागचा हलेना. लगाम धरून कुणी पुढं चालल्याशिवाय त्यानं जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. स्टँडवर हशा पिकला. सगुणाचे कान तापले, पण ती उतरली नाही. बापानं लगामाला हात घातला, तो तिनं झटकून टाकला.

तेवढ्यात टोपीवाला एक पाहुणा आला. "घोडा रिकामा आहे का, काका?"

"आहे ना, साहेब," बाप घाईनं म्हणाला.

"नाही," सगुणा वरूनच म्हणाली. "गिऱ्हाईक बसलंय."

आणि तिनं पुन्हा टाच मारली.