फक्त राणीचं लिहा

“राजा हसून म्हणाला, वा राणी!” मिळून गोष्ट लिहायच्या ऑनलाइन खेळात राणी झालेल्या कुमुदताईंनी लिहिलं आणि गटप्रमुख मुलगी भडकली. “ताई, राजाचं राजा लिहील. तुम्ही फक्त राणीचं लिहा. पुन्हा चुकलात तर खेळाबाहेर!”

सवयच जडलेली. घरीही नवऱ्याला, अप्पांना, कुणी काही विचारलं की उत्तर ताईच द्यायच्या.

दुपारी जेवायला व्याही आले. “काय अप्पासाहेब, कारलं फक्कड झालंय ना?”

सराव म्हणून ताईंनी ओठ घट्ट मिटले. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, वाट पाहिली, शेवटी घसा खाकरला. “खरं सांगू? हिच्या हातचं कारलं मला कधीच आवडलं नाही.”

संध्याकाळी ताईंनी लिहिलं, “राणीने राजासमोरचं ताट उचललं आणि ती आत निघून गेली.”

“वा ताई! आता कसं मनापासून उतरलं!” गटप्रमुख खूश झाली.

रात्रीच्या जेवणाची वेळ झाली, तरी स्वयंपाकघरात गॅस अजून पेटला नव्हता.