ऐरणीवरची कांडी

उदगीरच्या भट्टीत पाशामियाँ लोहार लेकीनं बनवलेली नॅनो मिश्रधातूची बोटभर कांडी ऐरणीवर ठेवून घण घालत होते. लातूरच्या क्लासवाल्यांनी त्या लेकीला, जिक्राला, शिकवायला बोलावलं होतं. तिला मात्र नांदेडच्या प्रयोगशाळेतच राहायचं होतं. तिनं परवानगी मागितल्यावर "आधी कांडी तोडून बघतो, मग सांगतो," असं अब्बा म्हणाले होते. ठिणग्या उडाल्या, घणाचा दांडा पिचला, त्यांच्या तळहातातून रक्त आलं. कांडी तशीच होती. जिक्रा हसली.

"ही कापायची कशानं?"

"कापताच येत न्हाई, अब्बा. चार वर्षं त्याच्यातच घातली."

त्यांनी तिच्या कानशिलात भडकावली. मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "नांदेडलाच ऱ्हा बेटी. आन् ही कापायचा इलाज काढ."

"झालं काय, अब्बा?"

"तू तान्ही होतीस तवा भूकंपात खिडकी तुझ्या अम्मीवर पडली. हात गजांत अडकला. चोरानं कापू नये म्हणून मीच ते गज तापवून, पाणी पाजून कडक केले होते. वरची भिंत खाली यायला लागली होती. करवतीची तीन पाती मोडली, गज काय कापंना. चौथ्या पात्यानं मी तिचा हात कापला."